एक झाकण टाका म्हणाला आणि मिरची गेली: घरच्या बागेत संजीवकं वापरायची तर मापून

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या सिंहगड रोडच्या गच्चीवर मिरचीची आठ झाडं मस्त फुलली होती, आणि ऊन चढलं तशी फुलं टपाटप गळायला लागली. सकाळी झाडू मारला की सुपलीभर पांढरी फुलं. कृषी सेवा केंद्रात गेलो, तिथल्याने संजीवकाची, म्हणजे झाडाच्या वाढीवर काम करणाऱ्या औषधाची, एक छोटी बाटली हातात ठेवली, म्हणाला "एक झाकण टाका पंपात, काम होऊन जाईल". टाकलं. चौथ्या दिवशी शेंडे वळले, पानं पिळून खाली लोंबायला लागली आणि होती नव्हती ती फुलंपण गेली.

मग बाटलीमागचं बारीक अक्षर मोबाईलचा टॉर्च लावून वाचलं. नॅप्थील ॲसेटिक ॲसिड, ४.५ टक्के. मिरचीला हवं होतं १० पीपीएम (म्हणजे लिटरभर पाण्यात १० मिलिग्रॅम). माझं झाकण सिरिंजने मोजलं तर १० मिलीचं, पंप ५ लिटरचा, म्हणजे मी मारलं होतं ९० पीपीएम, नऊपट! आणि गंमत बघा, हेच रसायन सफरचंदाच्या बागेत फळं मुद्दाम विरळ करायलापण वापरतात आणि काढणीच्या आधीची गळ थांबवायलापण वापरतात. तेच औषध. कधी मारलं आणि किती मारलं एवढाच फरक.

म्हणून हा लेख. मी काही कृषी पदवीधर नाही, पण त्या मिरचीनंतर वर्षभर हेच डोक्यात होतं, वाचलं, कुंड्यांत करून पाहिलं, सासवडकडे मामांची अंजिराची बाग आहे तिथे विचारून घेतलं. जे घरी जमतं ते नीट सांगतो, जे घरी करू नये तेपण सांगतो.

आधी हे काय असतं ते

झाड स्वतःच अगदी किंचित प्रमाणात काही रसायनं बनवतं आणि त्यावर त्याचं सगळं वागणं चालतं. शेंड्यात ऑक्झिन बनतं आणि खाली वाहतं, त्याने मुळं फुटतात आणि बाजूचे डोळे दबून राहतात (शेंडा खुडला की झाड झुडुपासारखं होतं ते यामुळेच). जिबरेलिनने पेरं लांबतात. सायटोकायनिनने पेशींची विभागणी होते, डोळे फुटतात. इथिलीन हा वायू, त्याने फळ पिकतं, पानं-फुलं गळतात. ॲबसिसिक ॲसिड म्हणजे पाणी कमी पडलं की ब्रेक.

आता बाजारातली संजीवकं. काही ह्यांच्या नकला, काही ह्यांना अडवणारी. नॅप्थील ॲसेटिक ॲसिड म्हणजे एनएए हे बनावट ऑक्झिन, इथेफॉन झाडात गेल्यावर इथिलीन सोडतं, पॅक्लोब्युट्राझॉल आणि क्लोरमेक्वाट (लोक लिहोसीन म्हणतात) हे जिबरेलिन बनूच देत नाहीत. जिबरेलिक ॲसिड मात्र फॅक्टरीत जोडून बनवत नाहीत, ते बुरशीकडून आंबवून घेतात, त्यामुळे त्याला सिंथेटिक म्हणणं तसं चूक, पण वापर सगळा तसाच. त्या बुरशीची गोष्ट भारी आहे. जपानात भाताची काही रोपं ताडमाड वाढायची आणि दाणा न भरता मरायची, शेतकरी त्याला वेडी रोपं म्हणायचे. १९२६ साली कुरोसावा नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की त्या बुरशीतून निघणाऱ्या द्रवानेच रोपं अशी लांबतात, बुरशी स्वतः नसली तरी.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे. झाडाचं स्वतःचं ऑक्झिन झाडच मोडून टाकतं, काम झालं की संपलं. बनावटी ऑक्झिन झाडाला तसं पटकन मोडता येत नाही, ते आत बसून राहतं आणि सांगतच राहतं. खत जास्त झालं तर भरपूर पाणी देऊन थोडंफार धुऊन काढता येतं. हे पानात शिरलं की धुता येत नाही.

पीपीएमचं गणित, हे टाळू नका

एक पीपीएम म्हणजे एका लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम. बाटलीवर टक्के लिहिलेले असतात. किती मिली घ्यायचं ते असं काढा: हवे असलेले पीपीएम गुणिले पाण्याचे लिटर, आणि त्याला भागायचं बाटलीवरचे टक्के गुणिले दहा ने. बस.

माझ्या मिरचीचंच करू. १० पीपीएम, ४.५ लिटर पाणी, गुणाकार ४५. खाली ४.५ गुणिले १०, तेपण ४५. उत्तर १ मिली. म्हणजे साडेचार लिटरला एक मिली, झाकण वगैरे काही नाही. इथेफॉन ३९ टक्केवालं असेल आणि १ लिटर पाण्यात २५० पीपीएम हवं असेल तर २५० भागिले ३९०, म्हणजे ०.६४ मिली. लिहोसीन ५० टक्के, १००० पीपीएम, १ लिटर: २ मिली.

आता ०.६४ मिली मोजायचं कशाने? मेडिकलमधून १ मिलीची साधी सिरिंज आणा, सुई काढून फेकून द्या. इन्सुलिनची आणली तर बघून घ्या, आपल्याकडे ४० युनिटवाली असते तिच्यात ४० युनिट म्हणजे १ मिली आणि १०० युनिटवालीत १०० युनिट म्हणजे १ मिली, माझ्या शेजारच्या काकूंनी ह्यातच गोंधळ घातला होता आणि मग मला फोन केला "अहो हे ६४ आकडा यावर नाहीच आहे". सिरिंजवर मार्करने औषधाचं नाव लिहा, एक सिरिंज एकाच औषधाला.

हे गणित उलट बाजूनेपण उपयोगी पडतं. दुकानात जिबरेलिक ॲसिड ०.००१ टक्के अशी बाटली मिळते. करा हिशोब, ती बाटलीच मुळात १० पीपीएमची आहे! तिच्यातलं २ मिली एका लिटरमध्ये टाकलं की राहतं ०.०२ पीपीएम. कुठेतरी वाचलं की ५० पीपीएमने बी लवकर रुजतं आणि ही बाटली आणून कितीही ओतली तरी ते ५० होणार नाही, पाणी न घालता अख्खी बाटली वापरली तरी नाही. बागायतदार जे वापरतात ती जवळजवळ शुद्ध पावडर असते, १ ग्रॅमच्या पुडीत मिळते, पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून मग पाण्यात. १ ग्रॅम १०० लिटरमध्ये टाकली की १० पीपीएम.

कलमं लावायची, इथून सुरुवात करा

नवीन माणसाने सुरुवात इथूनच करावी असं माझं स्पष्ट मत, कारण खाण्याची वस्तू नाही, फवारणी नाही, आणि चुकलं तर काडी जाते, झाड नाही. यासाठी लागतं आयबीए, म्हणजे इंडोल ब्युटिरिक ॲसिड. रूटिंग पावडर म्हणून मिळते त्यात हेच, टाल्कमध्ये मिसळलेलं.

पुण्यात गुलाब, जास्वंद, बोगनवेल यांना जून ते ऑगस्ट बेस्ट, हवेत ओल असते. काडी पेन्सिलीएवढी जाड, १५ ते २० सेंटिमीटर, तीन-चार डोळे असलेली, आणि फुलं-कळ्या नसलेली. कोवळी हिरवी नको आणि पूर्ण लाकूड झालेलीपण नको, वाकवली तर थोडी वाकून मग कट्कन मोडते ती घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा सरळ, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही (हसू नका, होतं). खालची पानं काढा, वरची दोन ठेवून अर्धी कापा.

पावडर असेल तर थोडी वेगळ्या वाटीत काढा, डब्यात काडी बुडवू नका, ओल आणि बुरशी जाते आत. खालचं टोक ओलं करून झटका, पावडरीत २ सेंटिमीटर बुडवा, जादाची टिचकी मारून पाडा. जाड थर म्हणजे जास्त मुळं असं नसतं. द्रावण करायचं असेल तर अर्धवट पिकलेल्या काडीला १००० ते ३००० पीपीएम आणि पाच ते दहा सेकंद फक्त, कोवळ्या काडीला ५०० ते १०००. आयबीए पाण्यात विरघळत नाही, १०० मिली २००० पीपीएमला २०० मिलिग्रॅम लागतं, ते ५० मिली स्पिरिटमध्ये विरघळवून मग डिस्टिल्ड वॉटरने १०० पर्यंत न्यायचं. २०० मिलिग्रॅम किचनच्या काट्यावर मोजता येत नाही, सोनाराकडे असतो तसला छोटा काटा लागतो. नसेल तर सरळ पावडर घ्या.

मग कोकोपीट आणि वाळू निम्मं निम्मं, आधी पेन्सिलने भोक पाडा आणि मग काडी लावा, नाहीतर सगळी पावडर कडेलाच पुसली जाते. वरून प्लॅस्टिकची पिशवी, सावली, आणि तीन ते पाच आठवडे ओढून बघायचं नाही. पानं फुटली म्हणजे मुळं आली असं नाही, काडीतल्या साठ्यावर पानं आधी फुटतात आणि मग माणूस खूश होऊन काडी उन्हात नेतो.

डोस जास्त झाल्याची खूण म्हणजे खालचं टोक काळं पडतं, सुजतं, आणि वरचे डोळे आठवडे झाले तरी झोपलेलेच, कारण ऑक्झिन डोळे दाबतं हे वर सांगितलंच.

आणि खरं सांगायचं तर कित्येक झाडांना ह्याची गरजच नाही. पुदिना, तुळस, मनीप्लांट ग्लासभर पाण्यात मुळं सोडतात. मी मोठ्या कौतुकाने मामांकडे पावडरीची डबी घेऊन गेलो, म्हटलं मामा तुमच्या अंजिराच्या काड्यांना लावू, तर मामा म्हणाले "अरे, अंजिराची काडी कुंपणाला खोवली तरी लागते, तुझी पावडर ठेव तुझ्या गुलाबाला". खरंय ते. आणि उलट आंब्याची काडी, पावडर लावूनही घरी लागणं जवळजवळ अशक्य, त्याला कलमच बांधावं लागतं.

डाळिंब, लिंबू, पेरूला गुटी करा. पावसाळ्यात बोटाएवढ्या फांदीची दोन-अडीच सेंटिमीटर रुंद साल गोल काढायची, आतला बुळबुळीत थर चाकूने खरवडायचा, आणि रूटिंग पावडर वरच्या कडेला लावायची, खालच्या नाही. वरून खाली येणारं झाडाचं ऑक्झिन तिथेच अडतं, मुळं तिथूनच येतात. ओलं मॉस, प्लॅस्टिक, दोन्हीकडे सुतळी घट्ट.

मिरची-टोमॅटोची फुलगळ

आता त्या मिरचीकडे परत. संजीवकाच्या आधी बघा की फूल का गळतंय. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा ३८-४० ला जातो, गच्चीवरची कुंडी त्याहून तापते, दुपारी माती वाळते संध्याकाळी चिखल होतो, आणि अशा झाडाला तुम्ही एनएए मारून काय सांगणार? माझ्या अर्ध्या झाडांची गळ दुपारी शेडनेट आणि कुंडीवर वाळलेल्या पानांचा थर एवढ्याने कमी झाली. फुलकिडे असतील तर ते आधी बघा. नत्र भरभरून दिलंय का तेपण, शेणखत-युरिया जोरात असेल तर झाड पानातच रमतं.

तरी गळ असेल तर १० पीपीएम. भर फुलोऱ्यात एकदा, पंधरा-वीस दिवसांनी दुसऱ्यांदा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पानं ओली होतील एवढंच, टपकेपर्यंत नाही. यंदा मी चार झाडांवर मारलं आणि चार तशीच ठेवली, आणि हे तुम्ही दर वेळी करा, काही झाडं किंवा निदान एक फांदी कोरी ठेवायची, नाहीतर पाऊस पडून गारवा आला आणि गळ थांबली तर श्रेय बाटलीला जातं. माझ्याकडे फरक दिसला, पण व्हॉट्सॲपवर सांगतात तसा दुप्पट-तिप्पट नाही.

काकडी-दुधीला सगळी नरफुलंच

गच्चीवर काकडी लावणाऱ्यांची नेहमीची तक्रार. सुरुवातीला नरफुलंच येतात, तो वेलाचा स्वभाव आहे, पहिले आठ-दहा दिवस काही करू नका. पुढच्या वेळी लावताना मात्र एक प्रयोग करून बघण्यासारखा आहे. ह्या वेलांत इथिलीन वाढलं की मादीफुलं वाढतात आणि जिबरेलिन वाढलं की नरफुलं. म्हणून इथेफॉन १५० ते २५० पीपीएम, वेल दोन पानांवर असताना एकदा आणि चार पानांवर असताना एकदा. वेल मांडवावर चढून फुलं दिसायला लागल्यावर मारून उपयोग नाही, कळी नर की मादी हे फार आधी ठरतं.

इथेफॉन आंबट पाण्यात टिकतं, पाण्याचा पीएच ४-५ च्या वर गेला की ते मोडून बाटलीतच इथिलीन सोडायला लागतं. आपल्याकडे सोसायट्यांत बोअर किंवा टँकरचं जड पाणी असतं, म्हणून द्रावण करून लगेच मारा, उद्यासाठी ठेवलं तर उद्या नुसतं पाणी मारताय. मूळ बाटली फार आम्लधर्मी असते, हातमोजे आणि चष्मा पाहिजेच. वेल आठ-दहा दिवस थांबल्यासारखा वाटेल, घाबरू नका. आणि एक वेल न फवारता ठेवा, सगळ्याच मादी झाल्या तर पराग कुठून आणणार. बियाणं जर आधीच मादीफुलांचं हायब्रीड असेल तर ह्यातलं काहीच करू नका, पाकिटावर लिहिलेलं असतं.

ह्याच इथिलीनने केळी-आंबे पिकवतात. पिकवण्याच्या खोलीत इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत वापरायला आपल्या अन्नसुरक्षा नियमांत परवानगी आहे, कॅल्शियम कार्बाइडला बंदी. घरी पेटी पिकवायला गवत आणि दोन पिकलेली केळी पुरे, इथेफॉनमध्ये फळं बुडवायचा उद्योग करू नका.

द्राक्षवाल्यांकडून शिकण्यासारखं

संजीवकांचं खरं विद्यापीठ म्हणजे आपली द्राक्षबाग. नारायणगाव-जुन्नरकडे ऑक्टोबर छाटणीनंतर गेलात तर दिसेल, बायका हातात प्लॅस्टिकचा मग घेऊन एकेक घड द्रावणात बुडवत जातात, डिपिंग म्हणतात त्याला. थॉमसनसारख्या बिनबियांच्या जातीत मण्यात बी नसतं, आणि मणी फुगवणारं जिबरेलिन मुख्यतः बीच पुरवतं, म्हणून ते बाहेरून द्यावं लागतं. फुलोऱ्याआधी १०-१५ पीपीएम घड लांबवायला, आणि मणी ३-४ मिलिमीटरचा झाला की ४० पीपीएम फुगवणीला. दोन-चार दिवस इकडेतिकडे झाले तर गणित बिघडतं. बियांच्या जातीला हेच केलं तर तेवढा फरक पडत नाही.

आणि द्राक्षवाल्यांनीच महागडा धडापण घेतलाय. २०१० मध्ये युरोपला गेलेली आपली द्राक्षं क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून अडकली. वेलीची शेंडावाढ थांबवून डोळ्यात घड धरायला लिहोसीन मारायची पद्धत होती, फवारणी फळावर नव्हतीच, तरी ते वेलीत राहिलं आणि फळात उतरलं. म्हणून शोभेच्या झाडांना बुटकं ठेवायला लिहोसीन चालेल, भाजीच्या कुंडीला मी नाही मारत.

आंब्याला कल्टार

कोथरूड-बाणेरच्या बंगल्यांत एक तरी हापूसचं झाड असतं आणि मालकांची तक्रार असते की एक वर्ष येतो एक वर्ष नाही. तिथे पॅक्लोब्युट्राझॉल (कल्टार म्हणजे हेच), २३ टक्केवालं. झाड दहा वर्षांच्या वरचं आणि तब्येतीने चांगलं असेल तरच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची पद्धत अशी: घेराचा व्यास पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर मोजून सरासरी काढायची, दर मीटरला ३ मिली. ६ मीटरचं झाड असेल तर १८ मिली. ते ३ ते ६ लिटर पाण्यात मिसळून, बुंधा आणि घेराची कड यांच्या साधारण मधोमध गोलाकार २५-३० भोकं १०-१२ सेंटिमीटर खोल पाडून त्यात सारखं वाटायचं. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट, धो धो पाऊस नसताना. भोकांजवळचं तण आधी काढा, नाहीतर तेच पिऊन टाकतं. पानावर फवारून उपयोग नाही, हे मुळातून वर चढतं, वरून खाली येत नाही.

मोहोर आला की झाडाला खतपण वाढवून द्यायचं, फळाचं ओझं वाढतं ना. आणि हे मातीत बराच काळ राहतं. त्या झाडाखाली नंतर पालक-मेथी पेरू नका. कुंडीतल्या आंब्याला तर नकोच, एवढ्याशा मातीत थोडं जरी जास्त झालं तरी नवीन पालवी मुठीएवढी गुच्छ होऊन बसते आणि पुढची एक-दोन वर्षं सरळ होत नाही.

सायटोकायनिनबद्दल फार नाही लिहीत, घरी त्याचा उपयोग थोडाच. पण आपल्या पुण्याची एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. पाषाण रोडच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत टिश्यू कल्चरवाल्यांनी बांबूची इवली रोपं काचेच्या बाटलीत, सायटोकायनिन आणि नारळपाणी घातलेल्या माध्यमावर वाढवली, आणि जो बांबू फुलायला कित्येक दशकं घेतो तो काही महिन्यांत बाटलीतच फुलला, बीपण धरलं. १९९० मध्ये हे 'नेचर' मासिकात छापून आलं होतं.

पंप आणि बाटली

मामांच्या शेजाऱ्यांनी एकदा त्यांचा पंप उसातलं तण मारायला नेला, टू फोर डी मारलं, तीनदा धुऊन परत दिला. मामांनी त्यातून टोमॅटोवर साधं कीटकनाशक मारलं. आठवड्यात नवी पानं धाग्यासारखी बारीक, शिरा एकमेकींना समांतर, फळं टोकदार. टू फोर डी हेपण बनावट ऑक्झिनच, जास्त मात्रेत रुंद पानांचं झाड मरतं म्हणून तणनाशक, आणि टोमॅटो, द्राक्ष, कापूस ह्यांना तर नळीत राहिलेले थेंबसुद्धा पुरतात. रबराचे वायसर ते धरून ठेवतात. तेव्हापासून मामांचा तणनाशकाचा पंप लाल आणि तो घराबाहेर जात नाही. तुमचा गच्चीवरचा छोटा स्प्रेपण संजीवकाला वेगळाच ठेवा.

विकत घेताना लेबल वाचा. संजीवकं १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदवलेली असतात, बाटलीवर घटकाचं नाव, टक्के, नोंदणी क्रमांक, कोणत्या पिकाला आणि काढणीच्या आधी किती दिवस थांबायचं हे सगळं असतं. समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक ॲसिड वगैरे टॉनिकं वेगळी, ती २०२१ पासून जैव-उत्तेजक म्हणून खत नियंत्रण आदेशात आली आहेत. ज्या बाटलीवर नुसतं "फुलं-फळं डबल" लिहिलंय आणि आत काय आहे ते नाही, तिचं पीपीएम तुम्ही काढणार कसं? ती दुकानातच राहू द्या.

उरलेलं द्रावण दुसऱ्या कुंडीत किंवा मोरीत ओतू नका, मुळात लागेल तेवढंच करा, आठ झाडांना एक लिटर पुष्कळ होतं. आयबीए फ्रीजमध्ये ठेवायचं तर बंद डब्यात, वर मोठ्या अक्षरात विष लिहून, आणि घरच्यांना सांगून. मी न सांगता ठेवलं होतं, बायकोला ती डबी खायच्या सोड्याची वाटली. वेळेत दिसलं म्हणून बरं. आता डबी गच्चीवरच्या कुलूपबंद पत्र्याच्या पेटीत असते, थर्माकोलमध्ये गुंडाळून, आणि दर पावसाळ्याला नवीन आणतो.